तेरा हजार डॉलरचा चेक

इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या दक्षिणेला, पोर्टेज नावाचं एक लहानसं शहर आहे. २०१३ मध्ये या शहराने कचरा उचलायचे पाच ट्रक घेतले. किंमत साधारण ११ लाख डॉलर. कंत्राट एका स्थानिक ट्रकविक्रेत्याला मिळालं. पुढच्या वर्षी शहराचे महापौर जेम्स स्नायडर त्या विक्रेत्याकडे गेले आणि आपल्याला पैशांची गरज आहे म्हणाले. मागितले १५,०००, मिळाले १३,०००. तेही चोरून रोख नव्हे, सरळ चेकने. एफबीआयने विचारलं तेव्हा महापौरांनी सांगितलं की हा सल्ला देण्याचा मेहनताना आहे. ज्युरीने ते मानलं नाही. महापौर दोषी ठरले आणि २१ महिन्यांची शिक्षा झाली.

२६ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी महापौरांच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाचं म्हणणं असं की ज्या केंद्रीय कायद्याखाली खटला चालला तो लाचेचा कायदा आहे, बक्षिशीचा नाही. आधी ठरवून पैसे घेतले तर लाच. काम झाल्यावर कुणी आभार म्हणून दिले तर बक्षिशी. तिचं काय करायचं ते राज्यांनी आणि शहरांनी आपापल्या नियमांत बघावं.

न्यू जर्सीतल्या घरी, रात्रीची भांडी आवरून झाल्यावर, मी तो निकाल वाचत बसलो होतो. वाचता वाचता मला माझे बाबा आठवले.

बाबा बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. १९८४ च्या उन्हाळ्यात आमचं घर बांधायला काढलं होतं. एके सकाळी फाटकाशी वाळूचा ट्रक येऊन उभा राहिला. बाबांनी मागवलाच नव्हता. ते बाहेर येईपर्यंत ड्रायव्हरने थोडी वाळू ओतलीसुद्धा होती. बिल कुठाय म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, बिलाचं काय एवढं? मालकांनी पाठवलीय." मालक म्हणजे तालुक्यातल्या एका रस्त्याचा ठेकेदार. त्याचं काम संपलं होतं, बिलही निघालं होतं. त्या घडीला बाबांकडून त्याला काही हवंही नव्हतं. बाबांनी ट्रक परत धाडला, ओतलेल्या वाळूचा हिशेब करून पैसे दिले आणि पावती घेतली. आईला ते लागलं. वाळू मिळत नव्हती, स्लॅब अडून बसला होता. तिला बाबा जे म्हणाले ते मी दारात उभा राहून ऐकलं: "आज ही वाळू घेतली तर उद्या त्याच्या कामाची एमबी लिहिताना माझा हात अडखळेल."

एमबी म्हणजे मोजमापाची वही. खडी किती इंच पडली, मोरी किती फूट झाली, ते साइटवर टेप लावून मोजायचं आणि त्या वहीत लिहायचं. त्या आकड्यांवर ठेकेदाराचं बिल निघतं. बाबांना काळजी झालेल्या कामाची नव्हती, पुढच्या वहीची होती. सहा न्यायमूर्तींच्या तर्कात मला नेमकी हीच जागा रिकामी दिसते. बक्षिशी मागच्या कामाची म्हणून देतात, पण सत्तेच्या खुर्चीवरच्या माणसाला दिलेली बक्षिशी ही पुढच्या कामाची उचल असते. देणाऱ्याला ते माहीत असतं, घेणाऱ्यालाही माहीत असतं. तोंडाने कुणी काही बोलायची गरज नसते.

मराठीत या अवस्थेला मिंधेपणा म्हणतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या भाषणांत हा शब्द एकमेकांवर फेकून फेकून पार गुळगुळीत झाला आहे. मला तो त्याच्या जुन्या घरगुती अर्थाने हवा आहे. ज्याचं खाल्लं त्याच्यासमोर मान वर होत नाही, तो मिंधेपणा. अमेरिकेतल्या सार्वजनिक जीवनात आज जे बिघडलं आहे ते मला या एका शब्दात दिसतं. तिथला कायदा विचारतो, सौदा झाला का? नागरिकाने विचारायला हवं, हा माणूस मिंधा कोणाचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं म्हणजे दुसऱ्याचंही मिटलं, अशी सवय या देशाला लागत चालली आहे.

पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांना मिंधेपणाची चांगली ओळख होती. बेंजामिन फ्रँकलिन फ्रान्समधला मुक्काम संपवून परतले तेव्हा सोळाव्या लुईने त्यांना स्वतःचं चित्र असलेली एक डबी भेट दिली. चित्राभोवती ४०८ हिरे. फ्रँकलिनसारख्या माणसालाही ती डबी ठेवून घ्यायला काँग्रेसची परवानगी लागली. पुढे १७८७ मध्ये घटना लिहिली गेली तेव्हा पहिल्याच कलमात हा नियम आला: कोणत्याही पदाधिकाऱ्याने काँग्रेसच्या संमतीशिवाय परदेशी राजाकडून वा राज्याकडून भेट, पगार, पद वा किताब घ्यायचा नाही. त्यात कुठेही 'मोबदल्यात काय दिलं' हे सिद्ध करायला सांगितलेलं नाही. भेट आली तिथेच नियम लागू. आपल्याकडचा १८६० चा दंडविधानही या बाबतीत स्पष्ट होता. त्याच्या १६१ व्या कलमात कामासाठी प्रलोभन आणि कामाबद्दल बक्षीस, दोन्ही एकाच ओळीत बसवली होती, आणि तो विचार आजच्या लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात टिकून आहे. अंमलबजावणीबद्दल मी बोलत नाही. ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण निदान कागदावर तरी चेक आधी आला की नंतर, यावर तिथे सुटका होत नाही.

अमेरिकेत ही समज हळूहळू अरुंद झाली. १९७६ मध्ये निवडणूक खर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भ्रष्टाचार आणि भ्रष्टाचाराचा नुसता भास, दोन्ही रोखणं हे सरकारचं रास्त काम मानलं होतं. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालात न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलं की मर्जी संपादन करणं आणि दरवाजा उघडा मिळणं हा भ्रष्टाचार नव्हे. त्या निकालाने कंपन्या आणि संघटनांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मुभा मिळाली. मला त्या निकालातल्या पैशाच्या भागापेक्षा हे वाक्य जास्त खटकतं. मर्जी संपादन करणं हाच तर मिंधेपणाचा धंदा आहे.

त्यानंतरचं प्रकरण व्हर्जिनियाचं. गव्हर्नर बॉब मॅकडोनेल आणि त्यांच्या पत्नीने एका पूरक औषधांच्या कंपनीच्या प्रमुखाकडून भेटी आणि कर्ज मिळून १,७५,००० डॉलरहून जास्त घेतलं. रोलेक्स घड्याळ, फेरारीतून फेरफटका, न्यूयॉर्कमधली खरेदी, मुलीच्या लग्नाच्या जेवणाचे १५,००० डॉलर. त्या माणसाला आपल्या गोळीवर सरकारी विद्यापीठांत संशोधन करून हवं होतं. गव्हर्नरनी अधिकाऱ्यांशी गाठीभेटी घालून दिल्या, गव्हर्नरच्या निवासस्थानी त्या गोळीचा समारंभ झाला. २०१४ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं. जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली. उजवे आणि डावे, तेव्हाचे आठही न्यायमूर्ती एका बाजूला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हे सगळं अरुचिकर आहे, कदाचित त्याहून वाईट आहे असं म्हटलं. पण नुसती भेट ठरवणं, फोन करणं, समारंभ घडवणं हे कायद्याच्या अर्थाने 'सरकारी कृत्य' होत नाही, असं ठरलं. आणि 'राज्यांनी आपलं बघावं' म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्या वेळी व्हर्जिनियाच्या कायद्यात भेटींना मर्यादाच नव्हती. जाहीर केल्या की पुरे.

साधा माणूस सरकारी कचेरीत का अडतो? साहेबांची भेट मिळत नाही म्हणून. ज्याच्याकडे रोलेक्स द्यायला नाही त्याला ती भेट मिळत नाही. भेट मिळणं हेच अर्धं काम असतं, हे तालुक्याच्या कचेरीबाहेर बाकावर बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

न्यू जर्सीत राहणाऱ्याला या गोष्टी दूरच्या वाटत नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणाऱ्या फोर्ट ली गावच्या तीन मार्गिकांपैकी दोन बंद केल्या गेल्या. चार दिवस. पहिला दिवस नेमका शाळा उघडण्याचा. मुलं बसमध्ये अडकली, रुग्णवाहिका अडकल्या. सबब वाहतुकीच्या अभ्यासाची सांगितली. खरं कारण, तिथल्या महापौराने गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांना निवडणुकीत पाठिंबा दिला नव्हता. ख्रिस्ती यांच्यावर आरोपपत्र झालं नाही, त्यांच्या दोन माणसांना शिक्षा झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली, पुन्हा एकमताने. हे सूडाचं राजकारण आहे, सत्तेचा गैरवापर आहे, हे न्यायालयाने स्वतः लिहिलं. पण पैसा किंवा मालमत्ता मिळवणं हा हेतू नव्हता, म्हणून केंद्रीय फसवणुकीचा गुन्हा नाही.

आता माझ्या राज्याचे तेव्हाचे सिनेटर बॉब मेनेंडेझ. यात माझा स्वतःचा हिशेब आहे. २०१७ मध्ये त्यांच्यावर पहिला खटला झाला. फ्लोरिडातल्या एका धनाढ्य नेत्रतज्ज्ञाच्या खासगी विमानातून प्रवास, पॅरिसच्या हॉटेलातला मुक्काम, आणि दुसरीकडे त्याच डॉक्टरच्या मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, बिलांसाठी सरकारी अधिकाऱ्यांकडे रदबदली. बचाव मैत्रीचा होता. ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि मॅकडोनेल निकालानंतर सरकारी पक्षाची बाजू तशीही लंगडी झाली होती. खटला बारगळला. सिनेटच्या नीतिसमितीने कडक शब्दांत समज दिली, भेटींची भरपाई करायला लावली. नोव्हेंबर २०१८ मध्ये मेनेंडेझ पुन्हा निवडून आले. मीही त्यांना मत दिलं. पक्ष पाहिला, समोरचा नको होता, आणि मनाशी म्हटलं, कोर्टात काही सिद्ध झालं नाही ना?

जून २०२२ मध्ये त्यांच्या घराची झडती झाली. ४,८०,००० डॉलरहून जास्त रोकड निघाली. काही पाकिटं त्यांचंच नाव भरतकामात लिहिलेल्या जॅकेटांच्या खिशांत होती. सोन्याच्या लगडी होत्या. एक किलो सोन्याचा भाव काय, हे सिनेटरनी इंटरनेटवर शोधलं होतं. जुलै २०२४ मध्ये सोळाच्या सोळा आरोपांत ते दोषी ठरले, जानेवारी २०२५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली. या शिक्षेचं मला समाधान वाटायला हवं होतं. पण मी त्या नोव्हेंबरच्या मताकडे परत परत जातो. खासगी विमान मला २०१७ मध्येच माहीत होतं. बाबांच्या वाळूच्या ट्रकाएवढं ते स्वच्छ दिसत होतं. न्यायालय ज्याला गुन्हा म्हणेना, त्याला मी दोषही म्हणेनासा झालो होतो. ही चूक न्यायालयाची नाही, माझी आहे, आणि माझ्यासारख्या लाखो मतदारांची आहे.

अर्थात मतदारासमोर पर्याय कसे मांडले जातात यालाही अर्थ आहे. न्यू जर्सीत प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीच्या मतपत्रिकेवर 'काउंटी लाइन' नावाची रांग असायची. काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, पक्षपुढाऱ्यांनी ज्यांना आशीर्वाद दिला त्या सगळ्यांची नावं एका सरळ रांगेत, ठळक. बाकीचे उमेदवार कुठे तरी कोपऱ्यात, मधल्या रिकाम्या चौकटींच्या पलीकडे. डोळा आपोआप रांगेवरून घसरत जातो. तरीसुद्धा २०१८ च्या प्राथमिक निवडणुकीत मेनेंडेझ यांच्याविरुद्ध जवळजवळ अनोळखी असलेल्या उमेदवाराला सुमारे ३८ टक्के मतं पडली होती. लोकांना वास येत होता. मार्च २०२४ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे असलेले अँडी किम यांच्या दाव्यावर केंद्रीय न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवरची ही रांग थांबवली. माझ्या लेखी गेल्या काही वर्षांत या राज्यात भ्रष्टाचारावर झालेला हा सगळ्यात मोठा आघात आहे. ज्याची उमेदवारीच पाच-दहा पुढाऱ्यांच्या हातात आहे, तो निवडून येण्याआधीच मिंधा झालेला असतो.

न्यायालयाची बाजू मी मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे, कारण ती पोकळ नाही. स्नायडर निकालात न्यायमूर्ती कॅव्हनॉ विचारतात, मुलाच्या सरकारी शाळेतल्या बाईंना पालकांनी भेटवस्तूंची टोपली दिली तर तोही केंद्रीय गुन्हा का? राज्य आणि शहरांच्या नोकरीतली सुमारे १ कोटी ९० लाख माणसं या कायद्याच्या टप्प्यात येतात. सरकारी वकिलाच्या हाती इतकं मोघम हत्यार द्यायचं का? ज्याने महाराष्ट्रात तपासयंत्रणांच्या नोटिसा आणि त्यापाठोपाठची पक्षांतरं पाहिली आहेत, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकेतही हे दिसलं. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये लाचेचे आरोप ठेवले गेले. त्यांनी ते नाकारले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारच्या न्यायखात्याने खटला मागे घ्यायला सांगितला. मॅनहॅटनच्या प्रभारी सरकारी वकील डॅनिएल सॅसून यांनी तो हुकूम पाळण्याऐवजी राजीनामा दिला. एप्रिलमध्ये न्यायाधीश डेल हो यांनी खटला कायमचा निकाली काढला. कायमचा का, तर महापौरांच्या डोक्यावर तो टांगता राहू नये म्हणून. स्थलांतर धोरणात सवलत द्या आणि खटल्यातून सुटा, असा सौदा झाल्याचा वास सगळ्या प्रकरणाला येतो, असं त्यांनी निकालात लिहिलं.

म्हणून तुरुंग हा मुख्य उपाय आहे असं मी म्हणणार नाही. तुरुंग फार उशिरा येतो, आणि किल्ली सत्ताधाऱ्याच्या खिशात असते. इलिनॉयचे गव्हर्नर रॉड ब्लॅगोयेविच यांनी ओबामांची रिकामी झालेली सिनेटची जागा विकायला काढली. १४ वर्षांची शिक्षा झाली. ट्रम्प यांनी २०२० मध्ये ती कमी केली आणि २०२५ मध्ये पूर्ण माफी दिली. पेनसिल्व्हेनियात खासगी बालसुधारगृहांशी संबंधित माणसांकडून पैसे घेतलेल्या दोन न्यायाधीशांपैकी एकाची उरलेली शिक्षा बायडेन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये माफ केली. पक्ष कोणताही असो.

उपाय त्याच्या आधीचा हवा. साधा, रेघ ओढलेला नियम: घ्यायचंच नाही. असा नियम अमेरिकेत आहेसुद्धा, पण तळाला. केंद्र सरकारच्या खात्यातल्या कारकुनाला बाहेरच्या माणसाकडून एका वेळी २० डॉलरपेक्षा जास्तीची भेट घेता येत नाही, आणि एकाच माणसाकडून वर्षभरात ५० डॉलरपेक्षा जास्त नाही. कुणी हेतू विचारत बसत नाही. आता जिन्याने वर चला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एका अब्जाधीश मित्राच्या खर्चाने वर्षानुवर्षं केलेल्या सहली २०२३ मध्ये उजेडात आल्या. त्यानंतर न्यायालयाने आचारसंहिता स्वीकारली, पण ती मोडली तर कोण बघणार याची काहीच सोय तिच्यात नाही. स्नायडर यांना सोडणाऱ्या सहा मतांपैकी एक थॉमस यांचं होतं. आणखी वर जा. मे २०२५ मध्ये कतारच्या राजघराण्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर किमतीचं बोइंग ७४७ विमान अध्यक्षांच्या वापरासाठी स्वीकारलं गेलं. भेट संरक्षण खात्याला आहे, व्यक्तीला नाही, असं सरकारचं म्हणणं. काँग्रेसची संमती घेतली गेली नाही. एका डबीसाठी फ्रँकलिन काँग्रेसपुढे उभे राहिले होते. वीस डॉलरचा नियम पाळणारी पोस्टातली बाई आणि हे विमान, दोन्ही एकाच सरकारात आहेत.

हे सगळं वरच्या वर्तुळातलं आहे, सामान्य माणसाचं त्यात काय जातं, असं मला माझ्या ओळखीतले मराठी लोकही म्हणतात. बहुतेकांचं आयुष्य नोकरी, घराचा हप्ता आणि मुलांच्या शाळा यांतच जातं. त्यांना दोष देत नाही. त्यांना मी इलिनॉयची गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात जॉर्ज रायन त्या राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते. तिथे वाहनपरवाने याच खात्याकडे असतात. रायन यांच्या निवडणूक निधीच्या कार्यक्रमांची तिकिटं खपवायचं ओझं कर्मचाऱ्यांवर होतं. काहींनी मग लाच घेऊन ट्रकचे परवाने विकले आणि त्यातला पैसा तिकिटांकडे वळवला. नोव्हेंबर १९९४ मध्ये मिलवॉकीजवळ अशाच परवान्याच्या ड्रायव्हरच्या ट्रकचा एक लोखंडी भाग महामार्गावर पडला. मागून येणाऱ्या कुटुंबाच्या व्हॅनची टाकी त्यावर घासून फुटली आणि गाडीने पेट घेतला. एकाच घरातली सहा मुलं गेली. चौकशी दाबायचा प्रयत्न झाला, रायन १९९८ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडूनही आले. याच रायन यांनी पुढे इलिनॉयमध्ये फाशी थांबवली, निरपराध माणसं मरू नयेत म्हणून, आणि ते काम खरोखर मोठं होतं. माणूस एका तुकड्याचा नसतो. पण २००६ मध्ये ते दोषी ठरले तोवर त्या मुलांना जाऊन अकरा वर्षं उलटली होती.

निवडणूक निधीचं एक तिकीट. इतक्या लहान गोष्टीपासून ते सुरू झालं होतं, आणि परवान्याच्या त्या कचेरीत रोज जाणारा वार्ताहर असता तर कदाचित ते आधीच बाहेर आलं असतं. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचं कष्टकऱ्यांचं गाव आहे, वस्ती सुमारे ३६,०००. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या दोन वार्ताहरांनी तिथल्या पगारांची कागदपत्रं मागवली. नगरव्यवस्थापकाचा मूळ पगार निघाला वर्षाला ७,८७,००० डॉलरच्या वर. अमेरिकेच्या अध्यक्षाला ४,००,००० मिळतात. अर्धवेळ नगरसेवक लाखाच्या आसपास घेत होते, आणि गावकऱ्यांवर बेकायदा करवाढ लादली गेली होती. हे शक्य झालं ते २००५ च्या एका विशेष मतदानामुळे, ज्याने गावाला पगारावरच्या राज्याच्या मर्यादेतून मोकळं केलं. त्या मतदानाला ४०० माणसंसुद्धा आली नव्हती. गावात रोजचं वर्तमानपत्र नव्हतं. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली आहेत. वर्तमानपत्र बंद पडलेल्या ठिकाणी स्थानिक सरकारांना कर्ज काढताना व्याजसुद्धा जास्त मोजावं लागतं, असं अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना आढळलं आहे. सावकाराला कळतं की इथे आता कुणी बघत नाही.

आणि नेमक्या या काळात बघण्याची साधनंही काढून घेतली जात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय खात्यांच्या सुमारे सतरा महानिरीक्षकांना एका रात्रीत काढलं गेलं. वॉटरगेटनंतर १९७८ मध्ये घडवलेली ही पदं खात्यांवर आतून नजर ठेवण्यासाठीच होती. न्यायाधीशांनी सप्टेंबरमध्ये ही बडतर्फी बेकायदा ठरवली, पण त्यांना परत नेमलं नाही. माझ्या राज्यात तर हे डेमोक्रॅट पक्षाच्या राजवटीत घडलं. २०२३ मध्ये निवडणूक निधीतल्या गैरप्रकारांची चौकशी करायची मुदत दहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. २०२४ मध्ये सार्वजनिक कागदपत्रांचा कायदा, ज्याला इथे सगळे ओप्रा म्हणतात, त्याचे दात काढले. आधी कागद नाकारलेल्या नागरिकाने कोर्टात जिंकलं की वकिलाचा खर्च सरकारने द्यायचा. आता सरकारने मुद्दाम किंवा अवाजवीपणे अडवलं होतं हे दाखवल्याशिवाय तो मिळत नाही. महाराष्ट्रात ज्यांनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं केली, मोर्चे काढले, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या माहिती अधिकाराचं एक कलम असंच बोथट केलं. दोन्हीकडे सबब सभ्य आहे: लोकांची खासगी माहिती जपायची.

आमच्या गावच्या कौन्सिलची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असते. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा गेलो. साठ-सत्तर खुर्च्या, माणसं अकरा. कचऱ्याच्या कंत्राटाचं नूतनीकरण विषयपत्रिकेवर होतं, पण इतर वीस विषयांसोबत एका गठ्ठ्यात, चर्चेशिवाय एका मतात मंजूर व्हायला ठेवलेलं. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. माइकसमोर एक छोटा दिवा आहे. हिरवा, मग पिवळा, मग लाल. मी निविदा किती आल्या एवढंच विचारलं. उत्तर मिळालं, लेखी अर्ज करा.

अर्ज केला. कायद्याने कामाचे सात दिवस. त्यांनी आणखी दहा मागून घेतले. मग बासष्ट पानं आली. मी ती दोन रात्री बसून वाचली. तीन निविदा होत्या, सगळ्यात कमी दराची घेतली होती, भेटी न घेतल्याचं प्रतिज्ञापत्र होतं, सह्या जिथल्या तिथे होत्या. वावगं काही नव्हतं. मला त्या पानांचा आनंद झाला आणि बाबांनी ओतलेल्या वाळूची पावती का मागून घेतली होती ते चाळीस वर्षांनी नीट कळलं. सरळ माणसाला कागदाचीच सोबत असते. ती पावती ते गेल्यावर त्यांच्या घराच्या फायलीत सापडली, टाचणीने टोचलेली. कागद पिवळा पडला आहे, ठेकेदाराच्या मुनिमाची सही मात्र वाचता येते.

बासष्ट पानं घ्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, तुम्ही वार्ताहर आहात का? नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सांगितलं की या कंत्राटाचे कागद त्या इथे असल्यापासून कुणीच मागितले नव्हते. येत्या मंगळवारी, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाची खरेदी आहे. अर्ज मी काल देऊन आलो.